रात्रीचं लढाऊ विमान आणि त्यातली माणसं: शोध घेणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या रात्रीच्या लढाऊ विमानांबद्दल आहे: ब्लेनहाइम, डिफायंट, ब्यूफायटर, मॉस्किटो. कुणाला पुण्याच्या जुन्या बाजारात एखादं लॉगबुक, म्हणजे हवाई दलातल्या माणसाची उड्डाणांची वही, मिळतं, कुणाला लंडनमधल्या शेजाऱ्यांच्या माळ्यावरचा फोटो मिळतो, कुणाला कलकत्त्यावरच्या जपानी बॉम्बहल्ल्यांबद्दल वाचताना एखादं नाव खटकतं. मग प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक सगळ्यांचे तेच असतात. इथे त्यांची उत्तरं एका जागी आहेत.

माझ्याकडे फक्त एक नाव आहे. सुरुवात कुठून करू?

नाव हा सगळ्यात कच्चा धागा. स्मिथ आणि जोन्स शोधायला निघालात तर आपल्याकडे कोल्हापुरात नुसता "पाटील" शोधण्यासारखं होईल. तीन गोष्टींपैकी एक तरी हाती लागेपर्यंत पुढे जाऊ नका: माणसाचा सर्व्हिस नंबर, स्क्वाड्रनचा (म्हणजे विमानांच्या पथकाचा) नंबर किंवा विमानाचा सीरियल क्रमांक. यातली एक मिळाली की बाकीच्या दोन बहुधा मिळतात.

सर्व्हिस नंबरच्या बाबतीत एक खोच आहे. साधा सैनिक म्हणून भरती झालेला माणूस पुढे अधिकारी झाला की त्याला नवा नंबर मिळे. १९४१ मधला सार्जंट आणि १९४३ मधला पायलट ऑफिसर हे दोन वेगळे लोक समजून कित्येकांनी अर्धवट चरित्रं लिहिली आहेत. बढतीची बातमी लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापून येई आणि तिथे बहुधा जुना आणि नवा असे दोन्ही नंबर शेजारी शेजारी दिसतात. गॅझेट इंटरनेटवर फुकट आहे.

विमानाचा इतिहास शोधायचा की माणसांचा?

आधी ठरवा, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एखाद्या रात्रीपुरत्या एकत्र येतात आणि पुन्हा वेगळ्या होतात. वैमानिक आणि त्याच्या मागे बसणारा माणूस अशा एका जोडीचं "स्वतःचं" विमान असतं हा समज सिनेमातून आलेला आहे. प्रत्यक्षात विमान दुरुस्तीला गेलं की जे तयार असेल ते घेऊन जोडी उडे. विमानाच्या अंगावरचं अक्षरही फसवं. ६०४ स्क्वाड्रनची खूण एनजी, आणि त्यापुढे प्रत्येक विमानाचं एक अक्षर. ते विमान कोसळलं की तेच अक्षर नव्या विमानाला. त्यामुळे "एनजी आर" म्हणजे एक विमान नव्हे, एका पाठोपाठ आलेली अनेक विमानं असू शकतात. भरवसा ठेवायचा तो शेपटीजवळ रंगवलेल्या सीरियलवर. तो कारखान्यापासून भंगारापर्यंत बदलत नाही.

सीरियलच्या क्रमात मध्येच मोठी भोकं दिसली तर घाबरू नका. उत्पादनाचा आकडा शत्रूला कळू नये म्हणून काही क्रमांक मुद्दाम वगळलेले आहेत.

स्क्वाड्रनची नोंदवही कुठे मिळते आणि ती वाचायची कशी?

लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. मालिकेचं नाव एआयआर २७. शोधताना अर्थातच ही अक्षरं रोमनमध्ये टाइप करायची. बऱ्याच वह्या स्कॅन झालेल्या आहेत, त्या पैसे भरून घरबसल्या उतरवून घेता येतात.

वहीचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० म्हणजे स्क्वाड्रनची रोजनिशी: हवा कशी होती, कोण बदलून आलं, कोण रजेवर गेलं, क्रिकेटचा सामना कुणी जिंकला. फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणांचा तक्ता: तारीख, विमानाचा प्रकार आणि सीरियल, चालक दलाची नावं, काम, निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, तपशील. नवखे लोक ५४० वाचून खूश होतात आणि ५४१ कंटाळवाणा म्हणून सोडून देतात. उलट करा. माणूस आणि विमान यांची भेट फक्त ५४१ मध्ये होते.

वही लिहिणारा तिथला कारकून किंवा ते काम गळ्यात पडलेला एखादा तरुण अधिकारी. तो विमानात नव्हता. आठवडाभराच्या नोंदी एकदम लिहिताना सीरियलमधला एक आकडा चुकतो, आडनावाचं स्पेलिंग बदलतं, आदल्या रात्रीची नोंद दुसऱ्या दिवसावर जाते. मी स्वतः एका जोडीच्या मागे दोन महिने फिरलो, कारण वहीत ७ चा १ झाला होता. तेव्हापासून नियम केला आहे: वहीतली कुठलीही गोष्ट दुसऱ्या कागदाशी पडताळल्याशिवाय "सापडली" म्हणायचं नाही.

स्क्वाड्रनच्या वहीत काही सापडलं नाही तर विमानतळाची वही बघा, ती एआयआर २८ मध्ये. शत्रूशी गाठ पडली असेल तर वैमानिकाने स्वतः दिलेला लढाईचा अहवाल एआयआर ५० मध्ये असू शकतो. वाचायला सगळ्यात जिवंत कागद तोच.

वैमानिकाचं नाव सगळीकडे मिळतं, पण मागे बसलेल्या माणसाचं मिळत नाही. असं का?

मला या पानावर एकच उत्तर लिहायला दिलं असतं तर मी हे लिहिलं असतं.

रात्रीच्या लढाईत शत्रू शोधण्याचं काम पुढच्या माणसाचं नसे. जमिनीवरचं रडार केंद्र रेडिओवरून दिशा सांगत विमानाला शत्रूच्या मागे आणून सोडी. तिथून पुढे विमानातलं छोटं रडार काम करी. १९४० आणि १९४१ मध्ये वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीत दोन गोल पडदे होते: एकावर शत्रू डावीकडे की उजवीकडे ते दिसे, दुसऱ्यावर वर की खाली. हे पडदे मागचा माणूस बघे आणि "डावीकडे, थोडं वर, वेग कमी करा" असं सतत बोलत राही. वैमानिकाच्या डोळ्यांना काळोखात एक गडद ठिपका दिसेपर्यंत विमान खरं म्हणजे मागचा माणूसच चालवत असे. या रडारचा पल्ला जवळपास विमानाच्या उंचीइतकाच होता, कारण त्यापलीकडे जमिनीवरून परतणाऱ्या लहरी पडदा भरून टाकत. १५,००० फुटांवर उडत असाल तर साधारण १५,००० फूट लांबचंच दिसणार. खाली उतरलात की आंधळे.

सुरुवातीच्या ब्यूफायटरमध्ये त्याच्याकडे आणखी एक काम होतं. चार २० मिलिमीटरच्या तोफांना ६० गोळ्यांची पिंपं लावलेली असत. ती संपली की अंधारात, वळणं घेणाऱ्या विमानात, जड पिंपं उचलून बदलायची कुणी? यानेच.

आता कागदांकडे या. रडार हे गुपित होतं. म्हणून नोंदींत त्याचा उल्लेख टाळलेला, आडून केलेला किंवा नुसताच "विशेष उपकरण" असा. या माणसाला काय म्हणावं हेही सुरुवातीला ठरलेलं नव्हतं. आधी तो एअर गनर होता किंवा जमिनीवरून उचलून आणलेला रेडिओवाला, मग ऑपरेटर झाला, मग ऑब्झर्व्हर रेडिओ, पुढे नेव्हिगेटर रेडिओ. एकच माणूस तीन वर्षांत तीन वेगळ्या धंद्यांचा दिसतो. शोधताना हे सगळे शब्द वापरून बघा.

वृत्तपत्रांना तर काहीच सांगता येत नव्हतं. ६०४ स्क्वाड्रनच्या जॉन कनिंगहॅमने १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री रडार लावलेल्या ब्यूफायटरने पहिलं विमान पाडलं, तेव्हा त्याच्या मागे फिलिपसन होता. नंतरच्या बहुतेक यशांच्या वेळी मागे जिमी रॉन्सली होता, तोही मूळचा गनर. पण लोकांना सांगितलं गेलं की कनिंगहॅमला गाजर खाऊन रात्री मांजरासारखं दिसतं. आपल्याकडे आजही आया मुलांना गाजर खायला लावताना डोळ्यांचं कारण देतात. त्यातल्या "अंधारात दिसतं" या भागाला त्या प्रचाराने मोठं बळ दिलं.

त्याआधीचं उदाहरण: विमानातल्या रडारच्या मदतीने पहिलं शत्रूचं विमान पडलं ते २२ जुलै १९४० च्या रात्री, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापाशी. विमान ब्लेनहाइम, वैमानिक ग्लिन ॲशफील्ड, निरीक्षक मॉरिस आणि रडारवर सार्जंट लेलँड. पडलेलं विमान जर्मन डॉर्निअर. सर्वसाधारण पुस्तकांत ॲशफील्डचं नाव सापडतं, लेलँडचं शोधावं लागतं.

लॉगबुक मिळालं आहे. त्यात रोज एनएफटी असं लिहिलंय. ही काय मोहीम होती?

मोहीम नाही! रात्री जायच्या विमानाची दुपारी घेतलेली चाचणी. इंजिन, तोफा, रेडिओ आणि मागचं रडार नीट चालतंय ना, ते बघायला वीस-पंचवीस मिनिटं एक चक्कर मारायची. माझ्या पहिल्या लेखात मी या सगळ्या चकरा लढाईच्या उड्डाणांत धरल्या होत्या आणि एका भल्या माणसाला दुप्पट शूर करून टाकलं होतं.

बाकी खुणा पटकन: डीसीओ म्हणजे काम पूर्ण केलं, डीएनसीओ म्हणजे पूर्ण झालं नाही. जीसीआय म्हणजे जमिनीवरच्या रडार केंद्राबरोबरचा सराव किंवा गस्त. महिन्याच्या शेवटी फ्लाइट कमांडरची सही असते. ती सही कुणाची हे वाचता आलं तर माणूस नेमका कुठल्या तुकडीत होता ते कळतं. वैमानिकाचं लॉगबुक आणि मागच्या माणसाचं लॉगबुक वेगळ्या नमुन्यांवर असे. दोन्ही मिळाली तर लॉटरीच समजा. ती शेजारी ठेवून वाचा, एकाच रात्रीबद्दल दोघांनी काय लिहिलं ते बघा. पुढच्याने "एक हेंकेल, समुद्रात" लिहिलेलं असतं आणि मागच्याने तीन ओळी.

विमानाचा सीरियल माहीत आहे. पुढे काय?

प्रत्येक विमानाचं एक कार्ड असे, फॉर्म ७८. ते लंडनच्या हेंडन भागातल्या आरएएफ संग्रहालयाकडे आहे. कारखान्यातून कधी निघालं, कुठल्या मेंटेनन्स युनिटला गेलं, कुठल्या स्क्वाड्रनला मिळालं, कधी मोडलं, कधी यादीतून उडवलं, हे सगळं त्यावर संक्षेपात असतं. एफबी म्हणजे लढाईत झालेलं नुकसान, एफए म्हणजे अपघात, कॅटेगरी ई म्हणजे कायमचं गेलं. अपघात झाला असेल तर त्याचं वेगळं कार्ड असतं, फॉर्म ११८०. त्यात कारणही लिहिलेलं सापडतं, आणि ते कारण वाचताना सांभाळा: "वैमानिकाची चूक" हा शिक्का फार उदारपणे मारला जाई.

विमान ब्रिटनबाहेर गेलं की मात्र कार्ड मुकं होतं. जहाजावर चढवल्याची तारीख, "भारत" किंवा "मध्यपूर्व" असा एक शब्द आणि खूप नंतर यादीतून कमी केल्याची तारीख. मधली दोन वर्षं कोरी. ती भरायची ती पुन्हा ५४१ वरूनच.

दोन कागदांवर एकाच घटनेच्या वेळा एका तासाने वेगळ्या आहेत. कुठली खरी?

बहुधा दोन्ही. ब्रिटनमध्ये १९४० पासून युद्धकाळात हिवाळ्यातही घड्याळ ग्रिनिचच्या एक तास पुढे होतं आणि १९४१ पासून उन्हाळ्यात दोन तास. काही नोंदी ग्रिनिच वेळेत, काही स्थानिक वेळेत. जर्मन नोंदी त्यांच्या वेळेत.

भारतात आणखी मजा. १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे केलेली होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. त्यावर कलकत्त्याची स्वतःची जुनी वेळ लोकांच्या तोंडात होतीच. मुंबईकरांना हे नवल वाटू नये. आपल्या महापालिकेने प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली मुंबई वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती.

तारखेचंही तसंच. रात्रीची लढाई दोन तारखांवर पसरते, म्हणून "१५/१६ जानेवारी" असं लिहायची पद्धत आहे. एखाद्या यादीत नुसती १६ दिसली तर ती मध्यरात्रीनंतरची असेलच असं नाही.

इतक्या विमानांचे दावे केले आहेत. ते खरे मानायचे का?

दावा हा दावा असतो. पडताळायला दुसरी बाजू लागते. दाव्यांचे तीन दर्जे होते: नष्ट, बहुधा नष्ट आणि नुकसान झालेलं. अंधारात, ढगांत, पेटलेलं इंजिन दिसलं आणि विमान खाली गेलं, एवढ्यावर माणूस "नष्ट" लिहितो. तो खोटं बोलत नसतो.

जर्मन बाजूची बरीच कागदपत्रं १९४५ मध्ये जळली किंवा जाळली गेली. तरी विमानांच्या नुकसानीच्या याद्या बऱ्यापैकी उरल्या आहेत. लष्करी कागद फ्रायबुर्ग इथल्या संघीय अभिलेखागारात, आणि पडलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारं बर्लिनचं जुनं कार्यालय २०१९ पासून त्याच अभिलेखागाराचा भाग झालं आहे. जपानी कागदांसाठी आशियाई ऐतिहासिक नोंदींचं जपानी केंद्र आहे. त्यांचे स्कॅन इंटरनेटवर मोफत आहेत, फक्त जुन्या वळणाची जपानी वाचणारा मित्र हवा. विमान ब्रिटनच्या भूमीवर पडलं असेल तर काम सोपं: अवशेष तपासायला गेलेल्या अधिकाऱ्यांचे अहवाल असतात.

भारतात रात्रीची लढाऊ विमानं होती का?

होती, आणि ती गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

२० डिसेंबर १९४२ ला जपानी विमानांनी कलकत्त्यावर पहिला बॉम्बहल्ला केला. पुढचे काही दिवस रात्री हल्ले होत राहिले. बॉम्बमुळे झालेलं नुकसान तुलनेने थोडं, पण घबराट प्रचंड. लाखो लोक शहर सोडून निघाले, हावडा स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही. शहराच्या रक्षणाला हरिकेन विमानं होती. काही तर मैदानातल्या रेड रोडवरून, म्हणजे चक्क रस्त्यावरून, उडत. पण रडार नसलेल्या हरिकेनला रात्री कोण सापडणार?

म्हणून इजिप्तकडच्या ८९ स्क्वाड्रनची काही ब्यूफायटर तातडीने आणली गेली आणि १४ जानेवारी १९४३ ला डमडम इथे १७६ स्क्वाड्रन उभी राहिली. दुसऱ्याच रात्री फ्लाइट सार्जंट आर्थर प्रिंगने चार-पाच मिनिटांत तीन जपानी बॉम्बफेकी विमानं पाडली. तीन-चार दिवसांनी, १९ तारखेच्या रात्री, ऑस्ट्रेलियन चार्ल्स क्रॉम्बीची गाठ पडली. त्याच्या ब्यूफायटरचं एक इंजिन पेटलं. त्याने मागच्या रेमंड मॉसला उडी मारायला सांगितलं, स्वतः पेटलेल्या विमानातून हल्ला चालू ठेवला आणि मग उडी मारली. दोघेही वाचले. क्रॉम्बीला डीएसओ मिळाला, मॉसला डीएफसी, दोन्ही शौर्यासाठीचे सन्मान. त्यानंतर रात्रीचे हल्ले जवळपास थांबले.

शोध घेणाऱ्याला ही स्क्वाड्रन सरावासाठी उत्तम आहे, कारण वर सांगितलेली प्रत्येक अडचण इथे भेटते. विमानांची कार्डं भारतात आल्यावर गप्प होतात. वेळा तीन प्रकारच्या आहेत. वृत्तपत्रांत विमानाचा प्रकारसुद्धा नीट सांगितलेला नसतो. क्रॉम्बी ऑस्ट्रेलियन असल्याने त्याची कागदपत्रं कॅनबेराला, मॉसची ब्रिटनमध्ये. म्हणजे एकाच विमानातल्या दोन माणसांसाठी दोन खंडांतली दोन दफ्तरं. प्रिंगला १५ जानेवारीच्या रात्री दिशा देणारा मागचा माणूस कोण, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. १७६ ची वही उघडा, ५४१ वर जा आणि शोधा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि एकदा जमलं की पुढच्या कुठल्याही स्क्वाड्रनची वही तुम्हाला परकी वाटणार नाही.

प्रिंगचा शेवट त्याच वर्षी झाला, ५ डिसेंबरला, कलकत्त्याच्या गोदीवर दिवसाढवळ्या झालेल्या मोठ्या हल्ल्यात. तेव्हा तो हरिकेन उडवत होता. त्या विमानात मागची सीट नसते.

त्या काळातल्या मराठी वर्तमानपत्रांत काही सापडेल का?

घटनेचा तपशील नाही सापडणार, सेन्सॉर होता. पण लोकांना काय सांगितलं जात होतं आणि कलकत्त्याहून येणाऱ्यांच्या गाड्यांबद्दल काय बोललं जात होतं, ते केसरीच्या जुन्या अंकांत बघण्यासारखं आहे. इंग्रजीसाठी कलकत्त्याचं स्टेट्समन.

माणूस मारला गेला किंवा बेपत्ता झाला असेल तर?

पहिला दरवाजा कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाचा. त्यांच्या संकेतस्थळावर नाव, नंबर, स्क्वाड्रन, तारीख आणि कबरीची जागा मोफत मिळते. कबर नसेल तर स्मारकावर नाव असतं: ब्रिटन आणि वायव्य युरोपातून उडून परत न आलेल्यांसाठी लंडनजवळ रनिमीडचं स्मारक, त्यावर २०,००० हून अधिक नावं आहेत. आग्नेय आशियात हरवलेल्यांसाठी सिंगापूरचं.

पुणेकरांनी खडकीच्या युद्धस्मशानात एकदा सावकाश फेरी मारावी. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींची देखभाल होणं शक्य नव्हतं तिथून दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी इथे आणल्या गेल्या. त्यामुळे इथे पुरलेला माणूस पुण्यात वारला असं समजू नका. दगडावर हवाई दलाचं गरुडाचं चिन्ह दिसलं की नंबर उतरवून घ्या. मी तिथून घेतलेल्या नंबरांवरच हा छंद शिकलो.

नुसत्या कबरीवर थांबू नका. सप्टेंबर १९३९ पासूनच्या हवाई दलाच्या दुर्घटनांच्या फायली टप्प्याटप्प्याने क्यूमध्ये खुल्या होत आहेत, मालिका एआयआर ८१. तारा, घरच्यांची पत्रं, कधी खिशातल्या वस्तूंची यादी. युद्धानंतर हवाई दलाची खास शोधपथकं युरोपभर गावोगाव फिरून बेपत्ता विमानांच्या जागा आणि अनोळखी कबरी ओळखत होती, त्यांचे कागदही काही फायलींत लागलेले असतात. या फायली वाचायला बसताना वेळ हातात ठेवा. एखाद्या आईने चौथ्यांदा लिहिलेलं तेच पत्र वाचल्यावर लगेच पुढची फाईल उघडवत नाही.

सेवापुस्तक कसं मिळवायचं?

ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडची ही कागदपत्रं २०२२ पासून टप्प्याटप्प्याने क्यूच्या अभिलेखागाराकडे जात आहेत. अर्ज करण्याआधी त्या माणसाची कागदपत्रं कुठल्या कार्यालयात आहेत ते संकेतस्थळावर बघा, नाहीतर अर्ज इकडून तिकडे फिरत राहतो. मृत्यूचा पुरावा आणि नातं असेल तर त्याचा दाखला जोडा. थांबायची तयारी ठेवा, महिने लागतात.

इतर देशांचं वेगळं. ऑस्ट्रेलियाने बरीच सेवापुस्तकं स्कॅन करून मोफत ठेवली आहेत, त्यांचे आभार मानावेत तितके थोडे. कॅनडात युद्धात मेलेल्यांच्या फायली खुल्या आहेत. ३०७ ही रात्री लढणारी पोलिश स्क्वाड्रन होती, तिच्यासाठी लंडनमधली सिकोर्स्की संस्था. याच ३०७ ने उडवलेलं एक डिफायंट आरएएफ संग्रहालयात आजही उभं आहे. त्या प्रकारचं जगात उरलेलं अख्खं विमान एवढंच.

माझे आजोबा हवाई दलात फिटर होते. ते अशा विमानांवर होते का हे कळेल का?

कळू शकेल, पण वाट वेगळी. भारतीय हवाई दलात भरती झालेल्यांची नोंद दिल्लीच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे असते. अर्ज वारसाने करावा. सेवापुस्तकात युनिटचं नाव मिळालं की ते युनिट कुठल्या तळावर होतं ते बघा आणि मग त्या तळाची वही. ब्रिटिश नोंदवह्यांत जमिनीवर काम करणाऱ्यांची नावं क्वचितच येतात, गोऱ्यांचीही. आजोबांचं नाव ५४० मध्ये सापडलं तर ते बहुतेक क्रिकेटच्या सामन्यामुळे किंवा शिक्षेमुळे. दोन्ही लिहून ठेवा.

फोटोवरून विमान ओळखता येईल का?

थोडंफार. नाकावर बाणाच्या टोकासारखा अँटेना असेल तर जुनं चौथ्या आवृत्तीचं रडार. नाक शिवताना बोटात घालायच्या टोपणासारखं गोल आणि बंद असेल तर नंतरचं, दहा सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरींवर चालणारं. पण अँटेना दिसत नाही म्हणजे तो नव्हता असं नाही. सेन्सॉरवाले फोटोतले अँटेना खरवडून किंवा रंगवून काढत. नाकाजवळ आभाळाचा एक तुकडा जरा जास्तच स्वच्छ दिसला तर संशय घ्या.

संपूर्ण काळं विमान बहुधा १९४२ च्या अखेरीआधीचं. तो मखमली काळा रंग विमानाचा वेग खाई आणि चांदण्यात उलट उठून दिसे, म्हणून पुढे राखाडी आणि हिरवा आला.

विमान पडलं ती जागा सापडली. खणू का?

नाही. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार लष्करी विमानाच्या अवशेषांना हात लावायला परवाना लागतो. भारतात सापडलं तर पोलिसांना कळवा. २० मिलिमीटरचा जिवंत गोळा ऐंशी वर्षांनंतरही फुटू शकतो, आणि अवशेषांत माणूस असू शकतो.

बाजारात मिळालेलं लॉगबुक घ्यावं का? घेतल्यावर काय करावं?

किंमत बघून घ्या. मला एकाने भरपूर पैसे घेऊन एका लॉगबुकची रंगीत झेरॉक्स जुन्या पुठ्ठ्यात बांधून विकली होती. तेव्हापासून मी आधी पान उजेडासमोर धरतो. खऱ्या पानावर टाकाचा दाब उमटलेला असतो, आणि शाई एकसारखी नसते.

घेतलंत तर आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, कव्हरच्या आतल्या बाजूचाही. तिथे पेन्सिलीने लिहिलेले पत्ते असतात. मग घरच्यांचा शोध घ्या. नावापेक्षा गावाकडून जा: ब्रिटनमधल्या बहुतेक गावांत युद्धस्मारक असतं आणि ते सांभाळणारा एक तरी उत्साही निवृत्त गृहस्थ असतो. त्याला लिहा. पत्र छोटं ठेवा, पैशांचा विषय काढू नका आणि माणूस कसा मेला ते पहिल्याच पत्रात सांगू नका. घरच्यांना ते माहीत नसू शकतं.

लॉगबुक मागच्या माणसाचं असेल तर पत्रात पुढच्याचंही नाव लिहा. पुढच्याच्या घरी बहुधा एक फोटो असतो, त्यात दोघे विमानापाशी उभे, आणि मागे पेन्सिलीने फक्त एकाचं नाव. दुसऱ्याचं नाव लिहायला तुमचं पत्र लागेल.